मदत हवी आहे: खोडव्यातलं पाचट आणि युरिया

मंडळी, यंदा उसाच्या खोडव्यात (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकात) पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, जाळलं नाही, सरीतच ठेवलंय. लवकर कुजावं म्हणून सगळे वरून युरिया फेकायला सांगतात, कारण पाचटात कर्ब (कार्बन) भरपूर आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना लागणारा नत्र (नायट्रोजन) अगदी कमी. पण पाचटावर पडलेल्या युरियातला बराच नत्र अमोनिया होऊन उडतो. शिवाय पाटपाणी दिलं की कोंदट, ओल्या सरीत जिवाणू उरलेल्या नत्राचा नायट्रस ऑक्साईड करतात. हा वायू कार्बन डायऑक्साईडपेक्षा सुमारे 273 पट तापवणारा! पाचट मात्र काढणार नाही. उचकटलं की खाली भुसभुशीत माती आणि गांडुळं दिसतात. मग युरिया पहारीनं बुडख्याजवळ गाडावा, की ठिबकमधून थोडा थोडा सोडावा? भारी काळ्या जमिनीत कुणी केलं असेल तर हप्ते कसे पाडले तेही सांगा.