हलाखी आणि हेळसांड यातला फरक फॉर्मला कळतो का?

उंबरठा:
बालकल्याणाच्या कामात मी अकरा वर्षं काढली आणि बाहेर पडले. परवा एका जुन्या सहकारी मैत्रिणीशी यावरून कडाक्याचा वाद झाला, म्हणून हा धागा.

गृहभेटीला जाताना आमच्या हातात फॉर्म असायचा. मुलाला झोपायला स्वतंत्र जागा आहे का? शाळेतून आल्यावर घरी मोठं माणूस असतं का? घर स्वच्छ आहे का? तिन्हीकडे 'नाही'वर खूण झाली की हेळसांडीचा रकाना जवळजवळ आपोआप भरायचा. एका घरात त्या तिन्ही खुणा मीच केल्या. आई एकटी, दोन पाळ्यांत काम करणारी. मी निघाले तशी थोरली मुलगी, असेल आठेक वर्षांची, दाराशी आली. म्हणाली, "मी उद्या सगळं झाडून ठेवलं तर त्यातली एक खोडाल का?"

माझं म्हणणं एवढंच की घरात पैसा नाही आणि घरात मुलाला धोका आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण कागदावर त्या एक करून टाकल्यात. निव्वळ गरिबी हे मूल काढून घेण्याचं एकमेव कारण कधीही असू नये, असं संयुक्त राष्ट्रांच्या 2009 च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वच्छ लिहिलंय. तरी कित्येक देशांत होतं काय, की मूल परक्या कुटुंबात ठेवलं की त्या कुटुंबाला दरमहा भत्ता सुरू होतो. तोच पैसा आधी आईला देऊन बघावा, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. आधी घराला आधार, अगदीच नाइलाज झाला तर मूल हलवायचं. यावर कुणाचं काय म्हणणं?

तिरकस:
असहमत. आणि 'अगदीच नाइलाज' या शब्दाची मला भीती वाटते.

व्हिक्टोरिया क्लिंबी. आठ वर्षांची, आयव्हरी कोस्टहून नातलगाकडे आलेली, 2000 साली लंडनमध्ये मेली. अंगावर 128 जखमा. मारणारी तिच्या वडिलांची मावशी आणि त्या मावशीचा जोडीदार. म्हणजे घरचीच माणसं. सरकारने नेमलेल्या चौकशीचे प्रमुख लॉर्ड लेमिंग यांच्या 2003 च्या अहवालात तिला वाचवता आलं असतं असे किमान 12 प्रसंग मोजलेत. दवाखाना, पोलीस, समाजसेवा विभाग, सगळ्यांकडे ती जाऊन आली होती. शिफारशी 108 आल्या, कायदा बदलला. आणि 2007 मध्ये लंडनच्या ज्या हॅरिंगे भागात व्हिक्टोरिया राहायची, तिथेच 17 महिन्यांचा पीटर कॉनेली गेला. आठ महिन्यांत वेगवेगळ्या खात्यांची माणसं त्याला साधारण 60 वेळा भेटली होती.

'आधी आधार देऊ' म्हणून वाट बघायची ती मुलाने. चुकलं तर जीव जातो तोही मुलाचाच, तुमचा-आमचा नाही.

कासव:
तिरकस, मुद्दा जोरदार आहे, पण हलवायचं तर कुठे, ते नाही सांगितलंत.

रोमानियात बुखारेस्टला 2000 च्या सुमारास एक प्रयोग सुरू झाला. अनाथालयांतली 136 बाळं, सहा महिने ते अडीच वर्षं वयाची. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी प्रशिक्षित पालक कुटुंबांत दिली, बाकीच्यांची सोय होती तशीच ठेवली. पुढे कित्येक वर्षं दोन्ही गटांची बुद्धी, भाषा, जवळीक साधण्याची क्षमता, मेंदूच्या लहरी, सगळं तपासलं. कुटुंबात गेलेली पुढे निघाली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत गेलेली सगळ्यात जास्त. संस्थेत राहिलेल्यांना अन्न-वस्त्र होतं. एकच एक माणूस आपलं म्हणायला नव्हतं, कारण दाया पाळीनुसार बदलायच्या.

तेव्हा मूल धोक्यातून काढून मोठ्या संस्थेत नेऊन ठेवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

तिरकस:
@कासव, संस्था नको हे मान्यच आहे. चांगली कुटुंबं तयार करा, पण मूल काढा.

दशमान:
इथे दोघांनीही वाचावेत असे अमेरिकेतले दोन अभ्यास आहेत. जोसेफ डॉयल यांचा 2007 चा, इलिनॉयमधला. काठावरची मुलं, म्हणजे ज्यांच्याबद्दल दोन अधिकाऱ्यांचं दुमत होऊ शकतं अशी, घरीच राहिली तर पुढे जास्त बरी निघाली. गुन्ह्यांत कमी सापडली, मोठेपणी जास्त कमावती झाली. उंबरठाताई खूश. पण 2022 मध्ये बॅरन आणि ग्रॉस यांनी मिशिगनचा अभ्यास छापला, तो बरोबर उलटा. काठावरची मुलं फॉस्टर कुटुंबात, म्हणजे तात्पुरतं सांभाळणाऱ्या परक्या घरी गेली तर पुन्हा छळ होण्याचं प्रमाण घटलं, शाळेतली हजेरी वाढली, गणित सुधारलं.

गंमत (वाईट अर्थाने) अशी की दोन्ही अभ्यास उभे आहेत ते एकाच गोष्टीवर. केस कुठल्या अधिकाऱ्याच्या वाट्याला येणार हे बरंचसं पाळीवर ठरतं. कुणी सैल, कुणी कडक. सारख्याच परिस्थितीतली दोन मुलं, एक घरी, एक बाहेर, कारण त्या दिवशी फोन कुणी उचलला. संशोधकाला हा आयता प्रयोग मिळतो. मुलाच्या दृष्टीने ती निव्वळ सोडत.

मिशिगनमधली बहुतेक मुलं वर्ष-दोन वर्षांत आईबापाकडे परत गेली आणि सुधारणा ठळक दिसली ती त्यानंतर. मधल्या काळात आईबाप सावरले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज. म्हणजे तुम्ही दोघं ज्यावर भांडताय ते कदाचित एकच औषध आहे, फक्त आधी कुठली बाटली उघडायची हा वाद.

उंबरठा:
दशमान, सोडतीचं तंतोतंत खरं. आमच्या कार्यालयात "आज ड्यूटीवर कोण?" हे आधी विचारून मग तक्रार नोंदवणारे शिक्षक मी पाहिलेत.

लिंबोणी:
नेदरलँड्सचं कुणीच कसं काढलं नाही? बालसंगोपन भत्त्यात घोटाळा केल्याचा खोटा ठपका ठेवून करखात्याने हजारो कुटुंबांकडून भरमसाट वसुली लावली. दुहेरी नागरिकत्व असलेल्यांकडे जास्त संशयाने बघितलं गेलं. जानेवारी 2021 मध्ये त्यावरून सरकारने राजीनामा दिला. त्या कुटुंबांतली हजाराहून जास्त मुलं घराबाहेर ठेवली गेली होती. आधी सरकारनेच कर्जात बुडवायचं, मग म्हणायचं हे घर मुलाला लायक नाही.

तिरकस:
ताई, अर्धीच गोष्ट सांगताय. तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने नंतर तशाच परिस्थितीतल्या इतर कुटुंबांशी तुलना केली. फसवल्या गेलेल्या कुटुंबांत मुलं काढण्याचं प्रमाण त्यामुळे वाढल्याचं त्यात दिसलं नाही. अन्याय झाला, प्रश्नच नाही. पण मुलं त्यामुळेच गेली हे सिद्ध झालेलं नाही.

लिंबोणी:
"तशाच परिस्थितीतली इतर कुटुंबं" म्हणजे तितकीच गरीब ना? मग धाग्याचा विषय तोच नाही का!

तिरकस:
हं. हा नेम बसला.

मधला_भाऊ:
इथे सहसा फक्त वाचतो. मी सात वर्षांचा असताना मला घरातून हलवलं. बरोबर केलं. तिरकस यांना पूर्ण पाठिंबा, तिथे राहिलो असतो तर आज हे टंकत नसतो.

पण धाकट्याला दुसऱ्या घरी ठेवलं, आणि थोरलीचं वय जास्त म्हणून तिला संस्थेत. कारण काय, तर तिघांना एकत्र घेईल असं कुटुंब यादीत नव्हतं. पुढे माझी घरं चार वेळा बदलली. माझ्या उजव्या कोपरावर एक लांब व्रण आहे. तो कशाचा, हे सांगणारं एकही माणूस आज माझ्या ओळखीत नाही. मोठेपणी फाइल मागितली, तर निम्म्या ओळींवर काळी शाई. इतरांची खाजगी माहिती म्हणे.

हलवावं की नाही यावर इतके अभ्यास आहेत. हलवल्यावर त्या मुलाच्या आठवणी कुणी सांभाळायच्या, यासाठीही कुणी नेमा.

कासव:
मधला_भाऊ, _/\_

तिरकस:
वरचं वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. तरी एक बोलतोच. पीटरचं प्रकरण 2008 च्या नोव्हेंबरात गाजलं आणि इंग्लंडमध्ये मुलं ताब्यात घेण्यासाठी कोर्टात जाणारे अर्ज एकदम वाढले. मुलं एका रात्रीत जास्त धोक्यात आली नव्हती, अधिकारी घाबरले होते. वर्तमानपत्रांनी त्यांचे फोटो छापले होते. तेव्हा 'काढा' म्हणणाऱ्या माझ्या बाजूलाही भीतीच गाडी हाकते, हे कबूल. पण घाबरलेला अधिकारी निदान दार तरी वाजवतो. तुमच्या 'आधार आधी'मध्ये दार कोण वाजवणार आणि कितव्या दिवशी, एवढं सांगा.

उंबरठा:
तोच माणूस, दर आठवड्याला, एका वेळी दहा-बारा घरांपेक्षा जास्त नाहीत. माझ्याकडे एकेकाळी चाळीस होती. चाळीस घरांत आधारही देता येत नाही आणि धोकाही दिसत नाही, फक्त फॉर्म भरता येतो. भत्ता देऊन पाठ फिरवा असं मी म्हणतच नाहीये. ज्या घरात मारहाण आहे तिथे पहिल्याच दिवशी मूल बाहेर, यावर आपलं भांडण नाहीच.

लिंबोणी:
अवांतर: त्या मुलीचं पुढे काय झालं? खोडली का खूण?

उंबरठा:
नाही. फॉर्म पेनाने भरायचा, खाडाखोड चालायची नाही. शेऱ्याच्या जागेत तिचं वाक्य मात्र जसंच्या तसं लिहिलं. वरिष्ठांनी शेजारी लाल शाईत विचारलं, "याचा इथे संबंध काय?" संध्याकाळसाठी पाळणाघराची सोय झाली आणि मुलं घरीच राहिली. त्यानंतर मी तिथे चार वेळा गेले. चारही वेळा जमीन ओली होती, नुकतीच पुसलेली.