अनुभव धागा: लग्न, सोनं आणि सह्या

लग्नातल्या जेवणावळींवर बोलून चोथा झालाय. लग्नानंतर घरावर चढणाऱ्या जोखमीवर लिहा. सातारा-सांगलीकडच्या जाणकारांनी कागद, आकडे द्यावेत, कहाण्या नकोत.

गलाईवाला, विटा
सोनं तारण ठेवून कर्ज घेताना निव्वळ वजन धरतात. साजातली लाख, मंगळसूत्राचे काळे मणी, खडे वजा. मजुरी आणि 3 टक्के जीएसटी तर गेलाच. त्यामुळं "दहा तोळे आहेत, अडलं तर बघू" हे तराजूवर टिकत नाही.

खरा फेरा मार्चअखेरचा. पीककर्ज मुदतीत भरलं तर 3 लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं. म्हणून बायकोचं सोनं तारण ठेवून नवं-जुनं करायचं, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं काढायचं, नवी उचल मिळाली की सोडवायचं. घोळ होतो एप्रिल-मेमध्ये. उचल हातात येते आणि घरात नणंदेचं लग्न निघतं. पैसा मंडपात, सोनं बँकेच्या तिजोरीत, व्याज चालू. तारणाची पावती बायकोच्याच नावानं करा. नवऱ्याच्या नावाची असली की सोडवायला त्याची सही, आणि पुढं वाद झालाच तर ते स्त्रीधन होतं हे सिद्ध करत बसा.

विमा सल्लागार, कराड
धंद्यात कर्ज असणाऱ्यानं टर्म प्लॅन (निव्वळ आयुर्विमा) 1874 च्या विवाहित स्त्री संपत्ती कायद्याखाली घ्यावा. प्रस्तावासोबतच वेगळा फॉर्म भरायचा. नंतर जोडता येत नाही. लाभार्थी फक्त बायको-मुलं. कर्ज देणाऱ्यांना बुडवायला पॉलिसी काढलेली नसेल तर विम्याच्या रकमेवर जप्ती येत नाही. फॉर्म एका पानाचा, तरी कुणी सांगत नाही.

वसुलीतला माणूस, मिरज
दिराच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला जामीनदार म्हणून पगारदार सूनबाईंची सही हवी असते, कारण पगारातून कपात सोपी. करार कायद्याचं कलम 128 बघा: जामीनदार कर्जदाराइतकाच जबाबदार. कर्ज देणाऱ्या पतसंस्थेला आधी दिराकडंच जावं लागतं असं नाही. सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला दोघांवर मिळून निघतो.



वाईकर
भाऊबंदकीत नाही कसं म्हणायचं?

वसुलीतला माणूस, मिरज
वहिनी, म्हणता येत नसेल तर ठरावीक रकमेच्या कर्जालाच सही द्या, कॅश क्रेडिटला (मर्यादेत हवी तेव्हा उचल करायचं खातं) नको. तो चालू जामीन असतो, पुढच्या प्रत्येक उचलीला लागू. लेखी नोटीस देऊन पुढच्या उचलींपुरता काढता येतो, तेही करारात तो हक्क सोडलेला नसेल तर. झालेली उचल मात्र तुमच्याच डोक्यावर. जामीनपत्राची झेरॉक्स त्याच दिवशी मागून घ्या.