दवाखाना, मर्दानगी आणि बुडालेली हजेरी

कृष्णाकाठचा गडी:
कालचा लेख वाचून डोकंच फिरलं. म्हणे सांगली-साताऱ्याचे पुरुष दुखणं अंगावर काढतात ते मर्दानगीपायी. लिहिणारा कधी रात्रीच्या लाईटवर उसाला पाणी पाजायला गेलाय का? ओपीडीच्या वेळेला माणूस एकतर रानात, नाहीतर एमआयडीसीत. गेला दवाखान्यात की हजेरी बुडाली. मिरजेत हॉस्पिटलं ढीगभर आहेत, पण नुसत्या तपासण्यांतच खिसा झाडला जातो. गरिबीला मर्दानगी म्हणू नका.

मिरजेची सून:
बायकांची भांगलणीची हजेरी बुडत नाही वाटतं? आमचे सासरे बागायतदार, पैशाला तोटा नाही. पायाला जखम झाली तर हळद दाबून हिंडत होते. "दुखत नाय, मग मला काय धाड भरलीय?" अहो, शुगरनं नसा बधिर झाल्यावर दुखणार कसं? शेवटी अंगठा काढावा लागला.

लाल माती:
तालमीला उगं नावं ठेवू नका. खाशाबा जाधव याच मातीतले, कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं.

मिरजेची सून:
तालमीचं नाव कुणी काढलं, दादा?

आशाताईचा नवरा:
हजेरीचं रडगाणं पुरे. बिनटाक्याची पुरुष नसबंदी करून माणूस त्याच दिवशी घरी येतो, बुडालेल्या मजुरीपोटी सरकार पैसेही देतं. तरी २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात लग्न झालेल्यांत बायकांची नसबंदी ३८ टक्क्यांच्या आसपास आणि पुरुषांची ०.३. ऑपरेशन मात्र बाईनंच करून घ्यायचं!

लाल माती:
ताकद जाती त्यानं. तू केलीस का आधी? मग शिकव.

आशाताईचा नवरा:
केली. दुसऱ्या मुलीनंतर. पोतीही उचलतो, ये बघायला. शुक्राणूंची नळी तेवढी बंद करतात, हार्मोन तेच राहतात. पहिले तीन महिने दुसरं साधन वापरायचं, एवढंच. आई मात्र अजून धड बोलत नाही.

निवृत्त मास्तर, वाई:
तुम्ही पोरं आणीबाणी विसरलात. १९७६ला आपल्याच विधानसभेनं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. आम्हा शिक्षकांना 'केसेस' आणायचं टार्गेट, नाहीतर पगार अडकायचा. गाडी दिसली की गडी उसात पळायचे. ही मर्दानगी नव्हे, सरकारची धास्ती आहे.

मिरजेची सून:
मास्तर, पन्नास वर्षं होत आली. बीपी मोजायला कोण सक्तीनं नेतंय? त्या पट्ट्याला कसली धास्ती?

निवृत्त मास्तर, वाई:
माझ्याशी या भाषेत बोलू नका.

कृष्णाकाठचा गडी:
बरं बाई, नसबंदीचं मान्य. तिथं आम्ही पुरुष भित्रेच. पण ओपीडी रात्री नऊपर्यंत चालू ठेवा, मग आमच्या नावानं खडे फोडा.

आशाताईचा नवरा:
मेडिकल असतंय की तेवढ्या उशिरापर्यंत उघडं. छातीत जळजळलं की अ‍ॅसिडिटीची गोळी आणायला बरोबर सवड होते तुम्हाला.



लाल माती:
ते तीन महिन्यांचं काय म्हणालास? इथं नको, मेसेज कर.