आंदीज-ॲमेझॉनची विश्वकल्पना आणि आपली दर्शनं: एकच पुस्तक सुचवा (बजेट १०००)

श्रावणी_एन: वाचनगटात पुढच्या महिन्यात माझी पाळी आहे, विषय हाच घेतलाय. दक्षिण अमेरिकेतल्या इन्कांचे तीन लोक, वरचा हानान पाचा, इथला काय पाचा, आतला उखु पाचा, वाचून स्वर्ग-मृत्यू-पाताळच आठवलं. पुस्तक एकच घेणार, हजाराच्या आत. इंग्रजी चालेल, स्पॅनिश येत नाही.

भटका_सातारी: पुस्तकं कसली, सरळ पेरूला जा! आम्ही २४ जूनला कुस्कोत इन्ती राइमी, म्हणजे इन्कांचा सूर्याचा सण, बघितला, तिकडे तेव्हा ऐन थंडी. कोरिकांचा म्हणजे इन्कांचं मोठं सूर्यमंदिर, त्याच्या भिंतींवरच स्पॅनिशांनी चर्च चढवलंय. खर्च होतो पण एकदा कराच.

गोदाकाठ: पोपोल वूह घ्या. माझ्याकडे आहे, अप्रतिम.

कीर्तने७: ते ग्वाटेमालातल्या किचे मायांचं, दक्षिण अमेरिकेचं नाही. पेरूतल्या वारोचिरीचं हस्तलिखित घ्या, १६०८च्या सुमारास केचुआत, म्हणजे आंदीजमधल्या लोकांच्या भाषेत, लिहिलेलं, सॅलोमन-उरिओस्ते यांचं इंग्रजी भाषांतर १९९१चं. त्यात प्रलय आहे. लामा (तिकडचा उंटाच्या कुळातला पाळीव प्राणी) चरेना म्हणून मालक चिडून हातातलं मक्याचं कणीस फेकून मारतो, तेव्हा लामा बोलतो की पाच दिवसांनी समुद्र उसळणार. दोघं डोंगरावर जातात तर तिथे आधीच सगळे प्राणी दाटीवाटीने उभे, कोल्ह्याची शेपटी पाण्यात भिजली म्हणून तिचं टोक काळं. शतपथ ब्राह्मणातला मनू आणि मासा शेजारी ठेवा, अर्धं भाषण तयार.

गोदाकाठ: माया काय, इन्का काय, मूळ सगळं एकच हो.

कीर्तने७: तिथेच घसरतात सगळे! आंदीजमध्ये चक्रातून सुटायचंच नाहीये, मोक्ष नाही. घेतलं की परत द्यायचं, ती आय्नी. शेजाऱ्याच्या शेतात राबणं तेही आय्नीच, आणि ऑगस्टमध्ये जमिनीत खड्डा करून पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, कोकाची पानं, चिचा (मक्याची दारू) देतात तीही. जुळवायचंच तर तैत्तिरीय संहितेतल्या तीन ऋणांशी जुळवा, वेदान्ताशी नको. मेलेल्या इन्का राजांच्या तर ममी करून ठेवत, जमिनी त्यांच्याच नावे, सणाला चौकात आणून बसवत. पुनर्जन्म कुठे बसवणार यात?

मनवा_पुणे: वारोचिरीला +१. शिबिरांच्या नादी लागू नका, मी गेले होते एका ठिकाणी, पाचामामा, चक्रं, कुंडलिनी सगळं एकत्र घोटून शिकवतात. पैसे पाण्यात.

निशिगंध: ॲमेझॉन विसरलात सगळे. तिथल्या यानोमामी जमातीचे शामन (आत्म्यांशी बोलणारे भगत) डावी कोपेनावा यांनी मानववंशशास्त्रज्ञ ब्रूस आल्बेरबरोबर केलेलं पुस्तक आहे, पण जाडजूड, महिन्यात होणार नाही. ब्राझीलचे मानववंशशास्त्रज्ञ विव्हेरॉस द कास्त्रो यांची मांडणी तरी वाचा, तिकडच्या कित्येक जमातींच्या मते जग्वार स्वतःला माणूसच समजतो आणि रक्त त्याला कसाव्याची (तिकडच्या एका कंदाची) दारू दिसतं.

भटका_सातारी: पेरूचे फोटो टाकू का?

श्रावणी_एन: सगळ्यांचे मनापासून आभार. वारोचिरी नाही, कोपेनावाच घेतेय, जुनी प्रत शोधते, नाहीतर हजाराच्या वर गेलं तरी चालेल. आमचं घर जैन, सगळ्यांत जीव आहे हे लहानपणापासून ऐकलेलं, पण आमच्याकडे मोक्षाचं दार मनुष्यजन्मातच उघडतं, आणि इथे जग्वार स्वतःच्या घरी माणूसच आहे. मला बोलायचंय ते यावरच. पूर्ण नाही झालं तर जेवढं वाचेन तेवढ्यावर बोलेन.