धर्म घरात ठेवणारा युरोप कुठे असतो हो?

खडूस काका:
काल इथे एकाने ठोकून दिलं की धर्म घरात ठेवणं फक्त पाश्चात्यांना जमलं, मुस्लिम देशांना जन्मात जमणार नाही, पुरावा काय तर इस्तंबूलची हागिया सोफिया, आधी चर्च, मग मशीद, मग संग्रहालय. २०२० ला तिची परत मशीद केली ते मलाही पटलं नाही. पण लंडनला ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहात २६ बिशप बसतात त्याचं काय? मी जर्मनीत म्युनिकला ११ वर्षं काढली, तिथे नाव नोंदवताना फॉर्मवर धर्म विचारतात. बरोबरच्या वसईच्या मित्राने भाबडेपणाने कॅथलिक लिहिलं आणि पहिल्याच पगारातून चर्च टॅक्स! इन्कम टॅक्स जेवढा होईल त्याच्या ८ टक्के वर, आणि वसुली सरकार करतं.

रोखठोक मिरजकर:
नको असेल तर चर्च सोडलं म्हणून लिहून द्यायचं, टॅक्स बंद. इराणमध्ये हिजाब नको म्हणून लिहून देऊन बघा. २०२२ ला महसा अमिनीला हिजाब नीट नाही म्हणून पोलिसांनी धरलं, कोठडीत गेली बिचारी. बिशप कुणाला रस्त्यात धरत नाहीत.

खडूस काका:
मान्य. पण त्याच इराणमध्ये १९३६ ला रझा शाहचे पोलीस बायकांच्या डोक्यावरची चादर ओढत होते, देश आधुनिक करायला म्हणून.

शमा सोलापूरची:
माझं नाव बघून लोक तुर्कस्तानचा जाब मलाच विचारतात, मी इस्तंबूल टीव्हीवर पाहिलंय फक्त. तरी सांगते. आधुनिक तुर्कस्तान उभारणाऱ्या अतातुर्कने धर्म बाजूला केला हे अर्धवट आहे. १९२४ ला खिलाफत मोडली त्याच दिवशी धर्माचं सरकारी खातं सुरू केलं, इमाम पगारी नोकर झाले. आणि १९९९ ला निवडून आलेल्या मेर्वे कावाक्चीला डोक्यावर रुमाल होता म्हणून संसदेत शपथ घेऊ दिली नाही. हे सेक्युलर?

स्टुटगार्टची सून:
ते सगळं राहू द्या, इथे जर्मनीत रविवारी दुकानं बंद याचं काय?? मागच्या रविवारी १२ माणसं जेवायला आणि घरात कांदा नाही. म्युनिकच्या बव्हेरिया राज्यात तर आमच्या ओळखीच्यांनी सुट्टी मिळते म्हणून पाडव्याचा कार्यक्रम गुड फ्रायडेला ठेवला, हॉलवाला म्हणाला आज कायद्याने नाच बंद, लेझीम चालणार नाही.

रोखठोक मिरजकर:
रविवार युनियनवाल्यांनाही हवा असतो, उगाच चर्चच्या माथी मारू नका. कांदे शनिवारी आणायचे असतात.

स्टुटगार्टची सून:
स्वतः कधी मंडईत गेलायत का?

दुबईकर ठाणेकर:
भांडू नका. इथे २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवार केलीये. आणि शुक्रवारची सुट्टी सोडून रविवार घेणं तुर्कस्तानने १९३५ लाच केलं.

रोखठोक मिरजकर:
शुक्रवारी दुपारी ऑफिस सुटतं ना पण तुमचं, नमाजासाठी?

दुबईकर ठाणेकर:
सुटतं की. मी घरी येऊन झोपतो.

रोखठोक मिरजकर:
बरं बाबा, तुर्कस्तान थोर, दुबई थोर. इराणचं उत्तर अजून कुणी दिलं नाही.

शमा सोलापूरची:
कारण त्यावर कुणाचं दुमतच नाही, दादा. ताई, कांदे मिळाले का?

स्टुटगार्टची सून:
स्टेशनवर. तिथलं दुकान रविवारी उघडं असतं.