अनुभव धागा : कोल्हापुरातली कोविडची साथ, कामाचे बारकावे

धागाकर्ता
देशातला पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० ला केरळात सापडला, महाराष्ट्रातले पहिले ९ मार्चला पुण्यात. आपल्या जिल्ह्यात आकडा खरा वाढला तो मे महिन्यात, मुंबई-पुण्याची माणसं गावी परतू लागल्यावर. पुढच्या वर्षी ६ मे २०२१ च्या सुमाराला देशात दिवसाला ४ लाखांवर रुग्ण नोंदले जात होते. मग देशाचा आलेख उतरला, पण कोल्हापूर, सांगली, साताऱ्याचा जुलैपर्यंत रेंगाळला. ज्यांनी प्रत्यक्ष काम केलं त्यांनी लिहावं: काय, किती, कसं, कुठे फसतं. स्वतःची कहाणी नको. पुढच्या साथीत नव्या माणसाला उपयोगी पडेल तेवढंच.

संपर्क शोध, करवीर
"कुणाकुणाला भेटला?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "कुणाला न्हाई, घरातच हाय की." माणूस खोटं बोलत नसतो. रोजचं जाणं-येणं त्याच्या हिशेबात भेट नसतेच. म्हणून वार आणि काम धरून विचारायचं. डेअरीला दूध कोण घालतं, सकाळी की दोन्ही वेळा? आठवडी बाजारला कोण गेलं, कुणाच्या गाडीवरनं? तालमीच्या कट्ट्यावर कोण बसतं? आठवड्यात कुणाची रक्षा होती का?

हा शेवटचा प्रश्न कधीच सोडू नका. अंत्यविधीला माणसं मोजून जायची, पण रक्षाविसर्जनाला सगळी भावकी आणि पै-पाहुणे यायचे, तेही वडापमध्ये, म्हणजे भाड्याच्या जीपमध्ये, दाटीवाटीने. नदीकाठची उघडी हवा त्या मानाने सुरक्षित. काचा लावलेल्या जीपमधला तासाभराचा प्रवास आणि नंतर घरातलं जेवण, धोका तिथे.

दुसरी गोष्ट तारखेची. लक्षणं सुरू झाली त्याच्या दोन दिवस आधीपासून संपर्क मोजायचे. नवखा माणूस अहवालाच्या तारखेपासून मोजतो आणि सगळ्यात जास्त लागण पसरवणारे दिवस यादीतून गळतात. मास्क नसताना एक मीटरच्या आत पंधरा मिनिटं काढली असतील तर तो जवळचा संपर्क. त्याला त्रास नसेल तर तपासणी पाचव्या ते दहाव्या दिवसात. दुसऱ्याच दिवशी स्वॅब घेतला तर निगेटिव्ह येतो, माणूस निर्धास्त होतो आणि पुढचे चार दिवस गावभर हिंडतो.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ
वरच्या दादांचं अगदी बरोबर. स्वॅबबद्दल भर घालतो. नाकातली कांडी वर कपाळाकडे न्यायची नाही, टाळूला समांतर सरळ मागे न्यायची. साधारण नाकपुडी ते कान या अंतराच्या निम्म्यापर्यंत तरी ती गेली पाहिजे. तिथे काही सेकंद ठेवून फिरवायची. कापसाची लाकडी काडी चालत नाही, तिच्यातली द्रव्यं पीसीआरची, म्हणजे विषाणूचा अंश अनेक पटींनी वाढवून शोधायची, क्रिया अडवतात. नायलॉन किंवा डॅक्रॉनचीच हवी.

नमुना २ ते ८ अंशांत, ७२ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. चंदगड-आजऱ्याहून येणाऱ्या डब्यात बर्फ वितळून लेबलं सुटायची आणि चांगले नमुने टाकून द्यावे लागायचे. पक्क्या शाईने लिहून वरून चिकटपट्टी, प्रत्येक नळी वेगळ्या पिशवीत, कागद डब्याच्या बाहेर. इतकं केलं की झालं.

सीटी व्हॅल्यूवरून घाबरणारे फार. पीसीआरच्या किती फेऱ्यांनंतर विषाणू दिसला तो हा आकडा, लहान आकडा म्हणजे विषाणू जास्त. आपल्याकडे ३५ ही मर्यादा धरली होती. साधारण ३.३ चा फरक म्हणजे विषाणूच्या प्रमाणात दहापट फरक. पण नमुनाच नीट घेतला नसेल तर आकडा उगाच मोठा दिसतो. म्हणून सीटीवरून आजार किती तीव्र ते ठरवू नये.

प्रश्न, इचलकरंजी
पाच-पाच नमुने एकत्र करून तपासायची पद्धत मध्येच का थांबली? किट वाचत होती ना?

प्रयोगशाळा तंत्रज्ञ
लागण कमी असेल तरच वाचतात, कारण गट पॉझिटिव्ह आला की त्यातले पाचही नमुने वेगवेगळे तपासावे लागतात. शंभरात दोन पॉझिटिव्ह असतील तर वीस गट, त्यातले फार तर दोन पॉझिटिव्ह, म्हणजे पुन्हा दहा तपासण्या. एकूण तीस. शंभरात वीस असतील तर वीसपैकी तेरा-चौदा गट पॉझिटिव्ह येतात आणि बेरीज ८५ च्या वर जाते, शिवाय एक दिवस वाया. म्हणून ५ टक्क्यांच्या वर ही पद्धत वापरत नाहीत.

आकडेवारी, जिल्हा पातळी
जून २०२१ मध्ये राज्याने पॉझिटिव्हिटी (तपासलेल्या शंभरात किती पॉझिटिव्ह) आणि ऑक्सिजन खाटा पाहून पाच स्तर केले, पाचवा सगळ्यात कडक. त्यात कोल्हापूर चौथ्या स्तरात होतं. पॉझिटिव्हिटीचा आकडा वाचताना खालची संख्या आधी बघा. लक्षणं असलेल्या हजार जणांत २०० पॉझिटिव्ह म्हणजे २० टक्के. त्यात बाजारपेठेतल्या धडधाकट हजार जणांची अँटिजेन केली आणि २० निघाले, की दर ११ टक्क्यांवर येतो. साथ तसूभरही हललेली नसते. आरटीपीसीआर आणि अँटिजेनचे दर वेगळेच काढावेत.

ऑक्सिजन विभाग
मोठा जंबो सिलिंडर ७ घनमीटरचा, म्हणजे ७००० लिटर. मिनिटाला १० लिटरने ७०० मिनिटं, पावणेबारा तास. प्रत्यक्षात तितका कधीच पुरत नाही, जोडण्यांतून गळतो. भरलेला सिलिंडर साधारण १५० किलो दाबाचा असतो. काटा ५० वर आला की एक तृतीयांश राहिला, म्हणजे दहाच्या प्रवाहाला चार तासांहून कमी. मिनिटाला ६० लिटर ओढणाऱ्या यंत्राला पूर्ण भरलेला जंबो दोन तासही पुरत नाही. नव्या वॉर्डात असं एक यंत्र लावण्याआधी हा हिशेब करा.

गळती साबणाच्या फेसाने शोधायची. व्हॉल्व्ह घट्ट बसला तर तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, ऑक्सिजनच्या दाबात ते पेट घेतं. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतले सिलिंडर घेताना हीच भीती सगळ्यात मोठी, कारण तिथे हाताला तेल असतंच. ते साफ करून, तपासून मगच वैद्यकीय वापराला घ्यायचे.

द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशांचा, एका लिटरचा सुमारे ८६० लिटर वायू होतो. पावसाळी हवेत व्हेपोरायझरवर, म्हणजे द्रवाचा वायू करणाऱ्या नळ्यांवर, बर्फाचा थर चढतो आणि दाब पडतो. दोन असतील तर आलटून पालटून चालवा, एकच असेल तर पाणी मारत राहा.

सगळ्यात मोठी बचत मात्र खाटेपाशी होते. रुग्ण जेवायला किंवा संडासला उठला की मास्क काढून उशाशी ठेवतो आणि वायू तसाच सुरू राहतो. पाळीतल्या एका माणसाला फक्त हेच बघायला नेमा. आणि ह्युमिडिफायरच्या (ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या) बाटलीत नळाचं पाणी घालू नका. डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं, खुणेपर्यंतच, रोज बदलून.

आशा गटप्रवर्तक
ताई-वहिनींनो, ऑक्सिमीटरवर दोन आकडे असतात आणि घाईत नाडीचा आकडा ऑक्सिजन म्हणून लिहिला जातो. वहीत दोन रकाने आखून दोन्ही लिहा. मेंदी नसलेलं, नेलपॉलिश पुसलेलं बोट घ्या. हात गार असेल तर चोळून गरम करा. पाच मिनिटं बसवून, आकडा स्थिर झाल्यावरच नोंद. मग घरातच सहा मिनिटं चालवा. ९४ च्या खाली गेला किंवा तीनने उतरला, तर दवाखाना. आधीच दम लागत असेल त्याला मात्र चालवू नका.

ताप उतरला की माणूस रानात जायला उठतो. सातवा ते दहावा दिवस सगळ्यात फसवा, त्या दिवसांत दोनदा मोजा. ऑक्सिजन चांगला असताना कुणाच्या सांगण्यावरून स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू असतील तर त्या डॉक्टरांच्या नजरेला आणा. ऑक्सिजन लागणाऱ्यांना ते औषध तारतं, बाकीच्यांना, विशेषतः मधुमेहींना, घातक ठरू शकतं.

लसीकरण, गगनबावडा
कोविशिल्डची कुपी १० डोसांची असायची, प्रत्येकी ०.५ मिली, उघडल्यावर चार तासांत संपवावी लागायची. धनगरवाड्यावर दहा माणसं जमेपर्यंत कुपी फोडू नका. फोडल्याची वेळ लगेच कुपीवर लिहा. बर्फाचे पॅक फ्रीझरमधून काढून थेट कॅरिअरमध्ये (लस नेण्याच्या थंड पेटीत) घातले तर लस गोठून वाया जाते. पॅक बाहेर ठेवायचे, अंगाला घाम फुटला पाहिजे आणि कानापाशी हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला पाहिजे, मगच भरायचे. सत्रावर निघण्याआधी ॲड्रेनलिनची (लसीची तीव्र ॲलर्जी आली तर द्यायच्या इंजेक्शनची) मुदत बघा.

शिरोळ
महापूर आणि साथ एकत्र आली ती जुलै २०२१ मध्ये, म्हणून निवारा केंद्राचं लिहितो. अँटिजेन तपासणी शाळेच्या दारात, आत घेण्याआधी. पॉझिटिव्ह कुटुंबांसाठी वेगळी इमारत आणि वेगळं स्वच्छतागृह, नुसती वेगळी खोली पुरत नाही. पंगत एकदम बसवू नका, वर्गावर्गात ताटं द्या. पावसातही समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्याच हव्यात. आणि ज्यांचा दुसरा डोस बाकी आहे त्यांची यादी पहिल्याच दिवशी करा, कारण पाणी उतरलं की माणसं पहाटेच घराकडे निघतात.