श्रद्धेच्या पायऱ्या क्रमानेच चढाव्या लागतात का?

(तिघा ज्यूंचा लेखी संवाद. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

शब्बाथची वात

मोशे खाईम लुझात्तो हे इटलीतल्या पादुआचे ज्यू धर्मविचारवंत. त्यांचं 'मेसिलात येशारीम', म्हणजे 'सरळमार्गी माणसांची वाट', १७४० साली अ‍ॅमस्टरडॅमला छापलं गेलं. गेलं वर्षभर मी ते रोज पानभर वाचते आहे आणि माझं मत आता पक्कं झालंय. श्रद्धा चढत जायची गोष्ट आहे, आणि चढताना मधली पायरी गाळून चालत नाही.

ही शिडी लुझात्तोंनी तलमूदातल्या (धर्मनियमांवरच्या जुन्या चर्चांच्या ग्रंथातल्या) रब्बी, म्हणजे धर्मगुरू, पिन्हास बेन याईर यांच्या वचनावरून घेतली. आधी सावधपणा. मग तत्परता, म्हणजे चांगलं काम उद्यावर न टाकणं. पुढे निर्मळपणा, अलिप्तता, शुद्धता, हसिदुत (नेमून दिलंय त्याच्याही पलीकडे जाणारी भक्ती), नम्रता, पापाचं भय आणि शेवटी पावित्र्य.

मी अजून पहिल्याच पायरीवर आहे. व्यापारी हिशेब मांडतो तसा रोज आपल्या वागण्याचा हिशेब मांडावा, असं ते सांगतात. मी तो रात्री मांडते. कुणाला काय बोलले, कुणाचं काय राहून गेलं. आपल्याकडची तरुण मुलं थेट कब्बालाकडे, म्हणजे ज्यू गूढविद्येकडे धावतात, देवदूतांची नावं पाठ करतात. घरच्यांशी नीट बोलायला शिकण्याआधी वरच्या मजल्यावर काय आहे हे कशाला बघायचं?

अर्धा प्रश्न

ताई, क्रमाचा आग्रह मला पटत नाही. पिन्हास बेन याईर यांचंच वचन मिश्नाच्या (तलमूदाचा पाया असलेल्या नियमसंग्रहाच्या) सोता भागाच्या अखेरीस वेगळ्या क्रमाने येतं. तिथे पावित्र्य मध्येच आहे आणि हसिदुत त्याच्या बरीच पुढे. तलमूदात तर एक मत हसिदुतला सर्वांत थोर मानतं आणि रब्बी येहोशुआ बेन लेवी म्हणतात, नाही, नम्रता. वरची पायरी कोणती यावरच एकमत नसेल, तर ती शिडी कसली?

ल्यादीचे श्नेउर झाल्मन हे हसिदी, म्हणजे भक्तिमार्गी ज्यू पंथाचे गुरू. त्यांचा 'तान्या' हा ग्रंथ १७९६चा. त्यांचा आदर्श 'बेनोनी', मधला माणूस. हा कृतीत, बोलण्यात, विचारात घसरत नाही, पण आतली ओढ त्याला सोडतही नाही. तीच झुंज रोज नव्याने, बहुधा जन्मभर. मला हे जास्त खरं वाटतं.

शब्बाथची वात

क्रम दोन ठिकाणी वेगळा आहे, मान्य. पण दोन्हीकडे एक गोष्ट दुसरीकडे 'नेते', हेच शब्द आहेत. मध्ययुगातले ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिडीसही तेच सांगतात. लहान मुलाला शिकायला बसवताना आधी अक्रोड-अंजिरांची लालूच, थोडा मोठा झाला की चांगले कपडे, मग पैसे, मग 'लोक तुला रब्बी म्हणतील' हा मान. शेवटी कुठे तो काही न मागता, प्रेमाने शिकतो. अक्रोडाची पायरी हलकी आहे असं ते स्पष्ट म्हणतात, पण टाकून देत नाहीत.

अश्दोदहून

मुली, मी ऐंशीच्या घरातला, मूळचा अलिबागकडचा. माझं दोघांशीही जमत नाही.

कोकणात आपल्या बेने इस्राएल लोकांजवळ पिढ्यान्‌पिढ्या तलमूद नव्हता. शेमा, म्हणजे 'देव एकच' ही प्रार्थना, तेवढी पाठ होती. जन्माला शेमा, लग्नाला शेमा, मरणाला शेमा. शनिवारी शब्बाथ, विसाव्याचा पवित्र दिवस, म्हणून तेलाचा घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. सिनाय पर्वतापाशी इस्राएल काय म्हणालं? 'नआसे वेनिश्मा', आधी करू, मग ऐकू. आमच्या आजीला कुणी विचारलं असतं की तू कोणत्या पायरीवर आहेस, तर तिला प्रश्नच कळला नसता. ती मलिद्याचे, म्हणजे नवसाच्या प्रसादाचे, पोहे भिजवत बसली असती.

आणि मिश्नाची शिडी कुठे संपते बघा. एलियाहू हन्नाबीपाशी, एलिया संदेष्ट्यापाशी! अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर ज्याच्या रथाच्या खुणा दाखवतात, ज्याच्या नावाने आपण मलिदा करतो, तोच. आमच्या लोकांनी शेवटचं टोक आधी धरून ठेवलं होतं.

अर्धा प्रश्न

काका, मलिद्याबद्दल वाचून डोळे भरून आले. तरीही बोलतो. 'नआसे' पुढे 'निश्मा' आहेच ना? नुसतं करतच राहिलं तर यशया संदेष्टा ज्याला माणसांनी पढवलेली आज्ञा म्हणतो, तेवढंच हाती उरतं.

आई गेल्यावर मी अकरा महिने कादिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना, म्हटला. त्या प्रार्थनेत मरणाचा उल्लेखसुद्धा नाही, नुसती देवाची थोरवी. पहिले कित्येक आठवडे त्यातल्या एका शब्दावरही माझा विश्वास नव्हता. दहा माणसं जमायची आणि 'आमेन' म्हणायची, एवढ्यावर मी उभा होतो. तेव्हा मी चढत होतो की उतरत? हसिदी गुरू म्हणतात, काही उतरण चढणीसाठीच असते. तुमच्या शिडीवर या उतरणीला जागा कुठे आहे, ताई?

शब्बाथची वात

तुम्ही विचारलंत आणि मी शेवटचं प्रकरण पुन्हा काढलं. पावित्र्याबद्दल लुझात्तो म्हणतात, सुरुवात प्रयत्नाची, शेवट देणगीचा. म्हणजे वरची पायरी आपल्या पायांनी गाठता येत नाही, ती मिळते. विश्वास नसताना तुम्ही अकरा महिने उभे राहिलात, तो प्रयत्न होता. त्याला उतरण म्हणायला माझी जीभ धजत नाही. क्रमाबद्दल मी सकाळी लिहिलं त्याहून आता थोडी कमी ठाम आहे.

आणि काका, त्याच प्रकरणात ते लिहितात की पोटासाठी हलका धंदा करणारा माणूसही, अखंड तोरा (धर्मशास्त्र) शिकणाऱ्याइतकाच, पूर्ण हसिद, म्हणजे हसिदुत साधलेला, होऊ शकतो. वाचताना मला तुमचा घाणा दिसला.

अश्दोदहून

ते प्रकरण आज नातवाकडून वाचून घेतो, माझी दृष्टी गेलीय. पण मुली, त्या तेल्याने हे पुस्तक कधी पाहिलं नव्हतं, तेवढं विसरू नकोस.